लक्ष्मीची पावले निघाली, डिंक राहिला

दिवाळीच्या दिवसांत उंबरठ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पूर्वी ती रांगोळीने किंवा तांदळाच्या पिठाने काढीत आणि दुसऱ्या दिवशी केरसुणी फिरली की नाहीशी होत. आता पावले बाजारात तयार मिळतात. पाठीमागचा गुळगुळीत कागद सोलायचा, पावले फरशीवर ठेवायची आणि तळहाताने दाबायची, की काम झाले. पुढच्या दिवाळीला जुनी पावले काढून नवी लावावीत म्हणून कोणी खाली बसले, म्हणजे मग खरी गंमत सुरू होते. वरचा रंगीत पापुद्रा तुकड्या-तुकड्यांनी निघतो आणि खाली पावलाच्याच आकाराचा एक काळपट, चिकट डाग राहतो. पाण्याने पुसा, साबणाने घासा, तो हलत नाही. उलट घासणीचेच तंतू त्याला चिकटतात.

असे डाग तुम्ही इतरत्रही पाहिले असतील. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा लोकांनी अंतर राखून उभे राहावे म्हणून दुकानांत, बँकांत, दवाखान्यांत जमिनीवर गोल आणि पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्या झिजून गेल्यावरही त्यांचे ठसे कित्येक ठिकाणी राहिले. गालिचा सरकू नये म्हणून लावलेली दुहेरी चिकटपट्टी, विजेची वायर पायात येऊ नये म्हणून मारलेली टेप, फरशीवर डकवलेले प्लॅस्टिकचे आच्छादन, या सर्वांची गोष्ट तीच.

हिंगोली-वसमतकडच्या जुन्या मातीच्या घरांत हा प्रश्न उद्भवत नसे. शेणाने सारवलेल्या भुईला डिंक चिकटत नाही असे नव्हे. पण चिकटलेली वस्तू ओढली की सारवणाचा पापुद्राच तिच्याबरोबर सुटून येतो, आणि पुन्हा सारवले की भुई नवी. तेथे डिंक हरत नाही, भुई हरते. पुढे शहाबादी फरशी आली, मग मोझेक, मग कोटा आणि चकचकीत टाइल्स. भुई पक्की झाली आणि डिंक मागे राहू लागला. तो का राहतो हे समजले, तर तो कसा काढावा हे कोणी सांगण्याची गरज उरत नाही. आणि कसा काढू नये हेही कळते, जे अधिक महत्त्वाचे आहे. कारण या क्षुल्लक डागापायी माणसे फरशी खराब करतात आणि कधी कधी जीवही धोक्यात घालतात.

तुटायचे कोठे?

चिकटवलेल्या पावलाकडे आडवा छेद घेतल्यासारखे पाहा. सर्वांत वर कागद किंवा प्लॅस्टिकचा पापुद्रा, मध्ये डिंकाचा पातळ थर, खाली फरशी. तुम्ही वरून ओढता तेव्हा ही साखळी जेथे सर्वांत कमकुवत असेल तेथे तुटते. डिंक आणि फरशी यांच्यामधील पकड सुटली तर फरशी स्वच्छ राहते. डिंक आणि कागद यांच्यामधील पकड सुटली, किंवा कागदच फाटला, तर सगळा डिंक फरशीवर राहतो. आणि डिंकाचा थर मधूनच फाटला तर थोडा वर जातो, थोडा खाली राहतो. दोन वेगळ्या पदार्थांच्या रेणूंमधील आकर्षणाला आसंजन म्हणतात, आणि एकाच पदार्थाच्या रेणूंमधील आकर्षणाला संसक्ती. म्हणजे आपला डाग हा आसंजन आणि संसक्ती यांच्या भांडणात संसक्ती हरल्याचा पुरावा आहे.

या पावलांमागचा डिंक बाभळीच्या डिंकासारखा नसतो. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून लावतात. पाणी उडून गेले की तो कडक होतो आणि मग धरतो. चिकटपट्टीचा डिंक कधीच वाळत नाही. तो मुळात रबराच्या जातीचा असतो. रबर किंवा तसेच दुसरे एखादे बहुवारिक, म्हणजे एकाच प्रकारच्या लहान घटकांची हजारोंनी माळ होऊन बनलेला लांबलचक रेणू, आणि त्यात मिसळलेली राळेसारखी चिकट द्रव्ये. हे मिश्रण मोठे चमत्कारिक असते. हळू दाबले तर ते दाट द्रवासारखे पसरते, फरशीच्या बारीकसारीक खळग्यांत शिरते. पण झटका दिला तर घन पदार्थासारखे वागते आणि सुटत नाही. द्रव आहे म्हणून ते भिडते, घन आहे म्हणून ते धरते.

याचा अनुभव घ्यायचा तर चिक्कीसाठी केलेला गुळाचा पाक आठवा. गरम असताना चमचा उचलला की तार निघते. तोच पाक थंड झाला की काडकन मोडतो. चिकटपट्टीचा डिंकही उष्ण असताना आणि हळू ओढल्यावर तार धरतो, म्हणजे मधूनच फाटतो. थंड असताना किंवा चटकन ओढल्यावर तो एकसंध राहतो आणि फरशीपासून सुटतो. म्हणून नव्याने लावलेली पट्टी काढायची तर वैशाखातल्या दुपारी काढू नये. पहाटे, फरशी गार असताना काढली तर ती बहुधा अधिक स्वच्छ निघते.

चिकटपट्टीचा शोध मुळात ‘निघणारी’ पट्टी हवी म्हणूनच लागला. अमेरिकेत १९२० नंतरच्या काळात मोटारींना दोन रंग देण्याची हौस होती. एक रंग देताना दुसऱ्या भागावर कागद चिकटवत, आणि तो ओढून काढला की खालचा रंगही सोलून निघे. रिचर्ड ड्रू या ‘थ्रीएम’ कंपनीतील तरुणाने १९२५ साली घट्ट धरणारी, पण रंग न सोलता सुटणारी कागदी पट्टी तयार केली. त्याच कंपनीतील स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ साली एक असा डिंक सापडला, की तो चिकटे पण फारसे धरीत नसे. त्याचे सूक्ष्म गोळे होत आणि प्रत्येक गोळा पृष्ठभागाला अगदी थोड्या जागी टेके. बिचारा डिंक दहा-बारा वर्षे काम शोधत हिंडला, आणि १९८० साली पिवळ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांच्या रूपाने अमेरिकेत बाजारात आला. आज तुमच्या शिक्षकांच्या टेबलावरही तो सापडेल. दिवाळीची पावले बनवणाऱ्यांना मात्र ‘निघणे’ हा गुण फारसा महत्त्वाचा वाटत नसावा.

जुना डिंक हट्टी का होतो?

घरातले जुने रबरबँड शोधा. काही हाताला चिकटतील. त्याहून जुने असतील ते ताणताच तुटतील. हेच डिंकाचे होते. रबराच्या लांब साखळीत ठराविक अंतरावर दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतात आणि हवेतील ऑक्सिजनला तेथे हल्ला करण्यास जागा मिळते. आधी साखळ्या तुटून त्यांचे लहान तुकडे होतात, म्हणून डिंक पातळ आणि अधिक चिकट होतो. पुढे या तुकड्यांमध्ये आडवे बंध जुळून जाळे तयार होते. डिंक पिवळा, कडक आणि ठिसूळ होतो. ऊन आणि उष्णता या दोन्ही क्रियांना वेग देतात. खिडकीजवळच्या पावलाचा डिंक आणि माजघरातल्या पावलाचा डिंक सारख्याच वयाचे असूनही वेगळे का वागतात, ते आता तुमच्या लक्षात येईल.

डाग काळा का, याचे उत्तर सोपे आहे. डिंक पारदर्शकच असतो. काळी असते ती त्याने पकडलेली धूळ आणि तळपायांची माती. आपण त्यावरून रोज चालतो आणि दर पावलाला ती आत दाबतो. धुळीचा हा थर डिंकावर चिलखतासारखा बसतो. कोणतेही औषध आत शिरण्याआधी हे चिलखत साबणाच्या कोमट पाण्याने उतरवावे लागते. पुष्कळांचे प्रयत्न फसतात ते ही पहिली पायरी गाळल्यामुळे.

हळदीचा धडा

आता विरघळवण्याकडे वळू. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा हिंगोली जिल्ह्यातील वाचकांना उदाहरण हळदीचेच द्यावे. चिमूटभर हळद पाण्यात टाका. पाणी पिवळसर दिसते, पण थोड्या वेळाने भुकटी तळाशी बसते. तीच हळद फोडणीच्या तेलात पडली की तेल सोन्यासारखे पिवळे होते आणि पिवळेच राहते. हळदीचे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. पाण्याच्या रेणूच्या एका अंगाला किंचित ऋण आणि दुसऱ्या अंगाला किंचित धन विद्युतभार असतो. त्यामुळे हे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि ज्यांच्यावर असा भार नाही त्यांना आपल्यात सामावून घेत नाहीत. तेलाचे रेणू म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या. रबराच्या रेणूही तशाच साखळ्या. सारख्याला सारखे विरघळवते, हा रसायनशास्त्रातील जुना ठोकताळा येथे लागू पडतो. पाणी डिंकावरून निथळून जाते, तेल मात्र आत शिरते.

पण शिरते कसे, हे पाहण्यासारखे आहे. मीठ पाण्यात पडले की त्याचे कण एकेक करून सुटतात. बहुवारिकाचे तसे नसते. त्याचे लांब रेणू सुतळीच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकलेले असतात. विद्रावकाचे छोटे रेणू त्या गुंत्यात घुसतात, डिंक फुगतो, मऊ होतो आणि बऱ्याच वेळाने सुटा होतो. जुन्या डिंकात आडवे बंध झाले असतील तर तो कधीच पूर्ण विरघळत नाही, नुसता फुगतो. आपल्याला तेवढेही पुरते, कारण फुगलेला डिंक फरशीवरची पकड सोडतो आणि खरवडता येतो.

येथे घाई चालत नाही. शेंगदाणा तेलाच्या रेणूचा रेणुभार सुमारे ८८० असतो. संत्र्याच्या सालीत जे तेल असते त्यातील लिमोनीन या मुख्य घटकाचा अवघा १३६. म्हणून संत्र्याच्या सालीचे तेल झटकन शिरते, शेंगदाण्याचे रेंगाळते. शिवाय विसरणाला एक नियम आहे. अंतर दुप्पट झाले तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. समजा, डिंकाच्या एका थरात तेल मुरायला पंधरा मिनिटे लागली, तर दुप्पट जाड थराला एक तास लागेल आणि तिप्पट जाड थराला सव्वादोन तास. या वेळात जोर लावून घासण्याने काही साधत नाही. तेलाचा फडका डागावर ठेवावा, वर प्लॅस्टिकचा तुकडा झाकावा आणि अभ्यासाला बसावे, हे उत्तम.

लिमोनीनची करामत पाहायची असेल तर एक फुगा फुगवा. त्याच्याजवळ संत्र्याची साल धरून ती दुमडून चिमटा, म्हणजे रसाचे बारीक तुषार फुग्यावर उडतील. डोळे मात्र लांब ठेवा. ताणलेले रबर त्या ठिकाणी मऊ पडते आणि फुगा फटकन फुटतो. जो पदार्थ फुग्याचे रबर दुबळे करतो, तोच तुमच्या पावलांच्या डिंकालाही दुबळे करतो.

खालची फरशी कोणती?

औषध देण्यापूर्वी वैद्य रोग्याची प्रकृती विचारतो. येथे प्रकृती विचारायची ती फरशीची.

हिंगोली जिल्ह्याची जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. तो भक्कम आहे, पण त्याच्या पातळ, सपाट लाद्या सहजी निघत नाहीत. म्हणून मराठवाड्यातील घरांना फरशी आली ती बाहेरून, कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींतून. १९५६ पर्यंत हे दोन्ही प्रदेश एकाच हैदराबाद राज्यात होते, हेही ध्यानात असू द्या. शहाबादी हा चुनखडक आहे. एका अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी गाळ थराथराने बसत गेला, म्हणून तो छिन्नीने थरावर सोडवता येतो. राजस्थानातून येणारा कोटाही चुनखडकच, संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने पालटलेला चुनखडक, आणि मोझेकमध्येही सिमेंटात बसवलेले संगमरवराचे तुकडे असतात. या सर्वांचा मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट.

आणि कॅल्शियम कार्बोनेटवर अॅसिड टाकले की काय होते, ते तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिले आहे. फसफसून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दगड विरघळून जातो. दुकानात ‘फरशीचे अॅसिड’ म्हणून जी बाटली मिळते तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरिक अॅसिडच असते. डिंक निघत नाही म्हणून लोक ती ओततात. रबराच्या साखळ्यांवर या अॅसिडाचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही! ते डिंकाला वळसा घालून आजूबाजूचा दगड खाते. परिणामी डाग तसाच राहतो आणि त्याच्याभोवती फरशीची चकाकी गेलेले एक खरबरीत कडे तयार होते, जे पुढे पॉलिश केल्याशिवाय जात नाही. लिंबू आणि व्हिनेगर ही अॅसिडेच आहेत. सौम्य आहेत इतकेच. शहाबादीवर, कोट्यावर, संगमरवरावर ती रात्रभर ठेवू नयेत. शंका असेल तर फरशीचा एखादा फुटका तुकडा शोधून त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका, तासाभराने पुसून उजेडात तिरके धरून पाहा. थेंबाच्या जागी फिकट ठिपका दिसला तर समजावे, की हा दगड चुन्याच्या जातीचा आहे. आणखी एक, ही अॅसिडची बाटली आणि कपडे पांढरे करायचे ब्लीच ही दोन कधीही एकत्र करू नका. त्यांतून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हाच वायू सैनिकांवर सोडण्यात आला होता.

खरवडण्याचेही तसेच. कॅल्साइट या खनिजाची कठिनता मोहच्या मापनश्रेणीवर ३ आहे. पोलादी सुरीची साडेपाचच्या आसपास. म्हणजे सुरी शहाबादीवर ओरखडा काढणारच. नव्या चकचकीत टाइल्स साधारण ६ ते ७ कठिनतेच्या असतात, त्यांच्यावर सुरी हरते, फार तर आपल्या धातूची करडी रेघ मागे ठेवते. आपल्याला हवे ते डिंकाहून कठीण आणि दगडाहून मऊ असे काहीतरी. प्लॅस्टिकची पट्टी किंवा मुदत संपलेले बँकेचे कार्ड या मधल्या जागेत नेमके बसते.

प्रत्यक्ष काम

टाइल किंवा पॉलिश केलेली फरशी असेल तर तिला तेल फारसे शोषता येत नाही, तेव्हा काम सोपे आहे. साबणाच्या कोमट पाण्याने धूळ उतरवा, फरशी कोरडी करा, खोबरेल किंवा शेंगदाणा तेलाचा फडका अर्धा-एक तास ठेवा, प्लॅस्टिकच्या कार्डाने फुगलेला डिंक गोळा करा, आणि उरलेले तेल भांडी घासायच्या साबणाने धुऊन काढा. हे शेवटचे विसरू नका, नाही तर आजोबा घसरून पडतील आणि तुमच्या विज्ञानावरचा घरच्यांचा विश्वास उडेल.

हल्लीच्या बऱ्याच चिकटचित्रांत रबराऐवजी अॅक्रिलिक जातीचे बहुवारिक असते. त्यावर तेल मंद चालते. हात निर्जंतुक करायचे अल्कोहोलचे द्रावण त्याला अधिक लवकर मऊ करते. आधी कोपऱ्यात दोन्ही करून पाहावे, आणि जे लागू पडेल ते पुढे चालवावे.

डिंक अगदी ताजा आणि चिकट असेल तर द्रवाचीही गरज नाही. रुंद चिकटपट्टीचा नवा तुकडा डागावर दाबा आणि झटक्यात उचला. जुन्या डिंकाची नव्या डिंकाशी पकड फरशीपेक्षा बळकट ठरते आणि तो उठून येतो. आठ-दहा वेळा करावे लागते, पण फरशीला काहीही इजा होत नाही. मला स्वतःला हा उपाय सर्वांत आवडतो.

पॉलिश न केलेली शहाबादी मात्र तेल पिते. तिच्यातील सूक्ष्म छिद्रांत तेल केशाकर्षणाने चढते आणि डिंकाचा डाग जाऊन तेलाचा डाग येतो. तेथे आधी गरम पाण्यात बुडवून पिळलेला फडका ठेवून डिंक मऊ करा आणि जितका खरवडता येईल तितका कोरडाच काढा. उरलेल्यासाठी तेल वापरावेच लागले तर अगदी थोडे वापरा आणि नंतर मुलतानी मातीचा दाट लेप करून त्या जागी जाडसर थापा. लेप सुकू लागला की त्याची छिद्रे दगडाच्या छिद्रांहून बारीक असल्यामुळे तेल दगडातून लेपात ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तो झाडून टाका. पाहिजे तर पुन्हा लावा. लोकरीच्या कापडातील चरबी काढण्यासाठी अशा प्रकारची माती माणूस फार प्राचीन काळापासून वापरत आला आहे. चेहऱ्याला लावण्याची बुद्धीही तीच, तेल ओढून घेण्याची.

पेट्रोल नको

डिंक लवकर काढण्याचा एक उपाय तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल: थोडे पेट्रोल किंवा रंगाचा थिनर टाका, झटक्यात निघेल. निघेल, यात शंका नाही. पण एक हिशेब करा. हवेचा सरासरी रेणुभार २९. थिनरमध्ये पुष्कळदा असणाऱ्या टोल्यूइनचा ९२. म्हणजे त्याची वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती वर जात नाही, पाण्यासारखी फरशीवरून पसरत जाते, दाराखालून दुसऱ्या खोलीत शिरते, आणि दिसत नाही. आपल्या घरात जमिनीलगत काय असते? देवघरातली समई. आणि एखाद्या ओट्याखाली ठेवलेली शेगडी.

प्रत्येक ज्वलनशील द्रवाला एक तापमान असते, ज्याच्या वर त्याची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी जमते. पेट्रोलसाठी ते शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे, नखांचा रंग काढायच्या अॅसिटोनसाठी शून्याखाली सुमारे २०, टर्पेंटाइनसाठी शून्याच्या वर ३५ च्या आसपास. रॉकेल या मानाने सौम्य समजले जाते, पण त्याचेही तापमान ३५ ते ४० अंशांपासून सुरू होते, आणि मे महिन्यात हिंगोलीचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. म्हणजे हिवाळ्यात जे काम जमून गेले तेच उन्हाळ्यात घात करू शकते. खाद्यतेलाला तशी वाफ येण्यासाठी ३०० अंशांच्या आसपास तापवावे लागते. तेल मंद आहे ही त्याची उणीव नव्हे. अल्कोहोलचे द्रावणही ज्वलनशील आहे हे विसरू नये. ते कापसाच्या बोळ्यावर थोडे थोडे घ्यावे, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि घरात कोठेही ज्योत नसावी.

इतर चिकट द्रव्यांबद्दल थोडक्यात. पिठाची खळ आणि साधा डिंक यांना नुसते पाणी पुरते. सुताराचा पांढरा गोंद गरम पाण्याने फुगून पांढरा आणि मऊ होतो, मग खरवडावा. सेकंदात चिकटणाऱ्या छोट्या नळीतील द्रव्यावर अॅसिटोन चालते, पण ते काम मोठ्यांचे. शिवाय प्लॅस्टिकच्या आच्छादनावर अॅसिटोन पडले तर आच्छादनच खराब होते. दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून होणाऱ्या इपॉक्सीत रेणूंचे जाळे इतके पक्के असते, की घरातील कोणताही द्रव त्याला विरघळवू शकत नाही. तेथे धीर आणि खरवडणे एवढेच.

औंढ्याचा आरसा

डिंकाचा मागमूसही चालणार नाही अशी एक जागा हिंगोली जिल्ह्यातच ठरली आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याची योजना आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी अशा लहरी प्रथम टिपल्या. त्यानंतर २०१६ साली केंद्र सरकारने भारतातील वेधशाळेला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांत लेसरचा झोत आरशांवरून परत परत फिरवायचा आणि आरशांमधील अंतरात अणुकेंद्राहूनही कितीतरी लहान फरक पडला तर तो ओळखायचा, असे या यंत्राचे स्वरूप. नळ्यांतील हवा इतकी काढून टाकावी लागते, की आत उरणारा दाब वातावरणाच्या सुमारे एक लक्ष-कोट्यांश, म्हणजे एकावर बारा शून्ये इतक्याव्या भागाएवढा.

अशा निर्वातात डिंक म्हणजे शत्रूच. त्यातील लहान रेणू हळूहळू बाहेर पडत राहतात, निर्वात बिघडवतात आणि आरशावर जाऊन बसतात. आरशावरचा एखादा सूक्ष्म ठिपकाही लेसरची उष्णता शोषतो आणि त्या जागी आरसा किंचित फुगतो. शिवाय डिंक स्वतः रबरासारखा असल्याने त्याच्यातील अंतर्गत घर्षणामुळे आरसा अगदी सूक्ष्म थरथरतो, आणि ती थरथर लहरींना झाकून टाकते. मग ४० किलो वजनाचा काचेचा आरसा टांगायचा कशाने? तो शुद्ध सिलिकाच्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तंतूंना टांगतात. आरशाच्या कडेला तंतूंसाठी जे काचेचे कान बसवतात ते डिंकाने नव्हे. दोन अतिशय सपाट पृष्ठभागांमध्ये अल्कलीच्या द्रावणाचा थेंब सोडतात. तो काचेचा वरचा थर किंचित विरघळवतो, आणि पाणी निघून गेल्यावर तेथे सिलिकेटची साखळी तयार होऊन दोन काचा जणू एकच होतात.

आणि या आरशांवरची धूळ कशी काढतात? त्यांना फडका लावण्याची सोय नाही. त्यावर एक द्रव बहुवारिक पसरतात, ते वाळून त्याचा पापुद्रा होतो, आणि मग तो पापुद्रा अलगद सोलून काढतात. धूळ त्याच्याबरोबर निघून येते आणि काचेवर काही उरत नाही. या पदार्थाची संसक्ती मुद्दाम बळकट आणि काचेशी आसंजन मुद्दाम दुबळे ठेवलेले असते, म्हणजे आपल्या पावलांच्या डिंकाच्या नेमके उलट.

वर्गात करून पाहा

शिक्षकांना हा प्रयोग दोन तासिकांत घेता येईल. टाइलचा एक टाकाऊ तुकडा घ्या. त्यावर एकाच चिकटपट्टीचे पाच सारखे तुकडे लावून टाइल आठवडाभर उन्हात ठेवा. मग वरचे पापुद्रे सोला. पहिल्या डागावर पाणी, दुसऱ्यावर साबणाचे पाणी, तिसऱ्यावर खोबरेल, चौथ्यावर संत्र्याच्या सालीचा पिळून काढलेला रस अशा घड्या ठेवा. पाचवा डाग तसाच कोरडा राहू द्या. दर दहा मिनिटांनी प्रत्येक डागाच्या एका कोपऱ्यावर प्लॅस्टिकची पट्टी एकदाच, सारख्या जोराने फिरवा आणि किती डिंक निघाला ते वहीत लिहा. दुसरी टाइल सावलीत ठेवून तिच्यावरही हेच करा, म्हणजे उन्हाने डिंकाचे काय केले ते दोन तक्ते शेजारी ठेवून दिसेल. हात साबणाने धुवा आणि तेलाचे फडके कचऱ्याच्या बंद डब्यात टाका.